पुण्यातला शाईपेन कट्टा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर महिन्याच्या कट्ट्याआधी तेच ते प्रश्न येतात आणि दर वेळी तीच ती उत्तरं द्यावी लागतात. म्हणून एकदाची लिहून टाकली. यातली मतं अर्थातच आमची आहेत. पटली नाहीत तर रविवारी येऊन भांडा, जागा भरपूर आहे.

हा कट्टा नेमका कसला?

शाईची पेनं वापरणारी, जमवणारी, खोलून बसणारी आणि नुसतंच कुतूहल असलेली माणसं महिन्यातून एकदा एका टेबलाभोवती जमतात. पेनं बाहेर निघतात, वह्या उघडतात आणि एकमेकांच्या पेनांनी लिहून बघणं सुरू होतं. अध्यक्ष नाही, प्रास्ताविक नाही, शाल-श्रीफळ तर नाहीच.

मुळात कट्टा लागतो कशाला? कारण पेन काचेच्या कपाटाबाहेरून किंवा फोनच्या पडद्यावर कळत नाही. एकाच कंपनीची, एकाच मॉडेलची, एकाच मापाच्या निबची दोन पेनं दोन तऱ्हेनं लिहितात. दुकानदार फार तर निब शाईत बुडवून दोन रेघा मारू देतो, आणि बुडवलेली निब पहिल्या चार ओळी छानच लिहिते, कारण तेव्हा तिच्याखालचं फीड, म्हणजे टाकीतली शाई निबपर्यंत आणणारा खाचांचा भाग, शाईनं तुडुंब असतं. पेन स्वतःच्या टाकीतून शाई ओढायला लागलं की खरा स्वभाव दिसतो. अर्धं पान झाल्यावर पेन कोरडं पडतं का, ‘क’ची गाठ मारताना अडतं का, बोटं अवघडतात का, हे अर्धं पान लिहूनच समजतं. कट्ट्यावर ते अर्धं पान लिहायला मिळतं, तेही खिशातून हजारो रुपये जायच्या आधी.

कधी आणि कुठे भेटता?

महिन्याचा दुसरा रविवार, सकाळी साडेदहा ते एक. परिसर डेक्कनचा, नेमकी जागा त्या आठवड्यात कळवतो. जागा निवडताना आम्ही दोनच गोष्टी बघतो: खिडकीतून येणारा उजेड आणि न डुगडुगणारं टेबल.

‘वैशालीत का नाही भेटत?’ हे दर वेळी कुणीतरी विचारतंच. रविवारी सकाळी बाहेर लोक नाव देऊन ताटकळत असताना आत चार जणांनी टेबल अडवून अडीच तास पेनं धूत बसावं, हे आम्हालाच बरं वाटत नाही. शिवाय सांबार आणि टिपकागद यांचं जमत नाही.

गाडी आणू नका. मेट्रोचं डेक्कन जिमखाना स्थानक चालत अंतरावर आहे.

गणेशोत्सवातला रविवार आणि पालखी शहरात मुक्कामाला असते तो रविवार, या दिवशी कट्टा नसतो. नोव्हेंबरच्या पहिल्या शुक्रवारी मात्र संध्याकाळी एक जादा बैठक असते. २०१२ पासून तो दिवस जगभर फाउंटन पेन डे म्हणून साजरा होतो. आपण साजरा म्हणजे काय करतो, तर नेहमीसारखंच लिहितो, फक्त गर्दी जास्त असते.

फी किती?

काही नाही. चहा-नाश्ता टीटीएमएम.

माझ्याकडे एकही शाईपेन नाही. चालेल का?

चालेल काय, उत्तमच. ज्यानं अजून काही विकत घेतलेलं नाही त्याचे पैसे वाचवण्याची सगळ्यात जास्त संधी इथे आहे.

येताना काय आणायचं?

असतील ती पेनं, निदान एकात शाई भरलेली. तुम्ही रोज वापरता ती वही, कारण पेन तुमच्या कागदावर कसं चालतं हेच तुम्हाला बघायचंय. एखादं जुनं, मऊ, सुती फडकं. पांढरा किंवा फिका शर्ट घालून येऊ नका, हे आम्ही दर वेळी सांगतो आणि दर वेळी कुणीतरी ऑफ-व्हाइट कुर्ता घालून येतं.

पाणी, ड्रॉपर, रबरी पिचकारी, भिंग आणि टिपकागद आमच्याकडे असतात.

दुसऱ्याचं पेन हातात घ्यायचे काही नियम आहेत का?

आहेत, आणि ते पाळले जावेत असा आग्रहही आहे.

आधी विचारा. टेबलावर मांडलंय म्हणजे उचलायला ठेवलंय असं नाही. टोपण उघडण्यापूर्वी ते फिरवायचं आहे की ओढायचं, हे मालकाला विचारा, कारण फिरवायचं टोपण ओढलं की आटे जातात. टोपण पेनाच्या मागच्या टोकाला खोचू नका. जुन्या पेनांच्या अंगावर तिथे कायमचा वळ उठतो आणि टोपणाला तडा जातो तो वेगळाच. शाई भरायची तर मालकानंच भरायची.

लिहिताना जोर अजिबात नको. बॉलपेनमधली गोळी फिरायला दाब लागतो, म्हणून आपल्या हाताला दाबायची सवय लागलेली असते. शाईपेनात शाई केशाकर्षणानं आपणहून कागदावर उतरते, निब टेकली की पुरे. पेन थोडं आडवं धरा, निबची चीर वर आकाशाकडे असू द्या आणि बोटांनी लिहिण्याऐवजी मनगट नि कोपर हलू द्या.

आणखी एक, नव्या माणसाला थोडं विचित्र वाटेल असं: सही करून बघू नका. पेन हातात आलं की आपण सवयीनं सहीच ठोकतो, आणि सहीत सगळ्यात जास्त जोर असतो, शेवटच्या फटकाऱ्यात तर विशेष. सोन्याची मऊ निब अशा एका फटकाऱ्यात फाकते. शिवाय अनोळखी लोकांच्या वहीत आपल्या सह्या पेरून ठेवणं शहाणपणाचं नाही. ‘श्री’ लिहा, पत्ता सोडून काहीही लिहा, पाढे लिहा. आमच्या सामाईक वहीत सतराचा पाढा कितीतरी अक्षरांत आणि रंगांत सापडेल, काही ठिकाणी चुकलेलासुद्धा.

पहिलं पेन कोणतं घेऊ?

नाव सांगण्याआधी एक उलटा प्रश्न विचारतो: दिवसाला किती लिहिता, आणि कशावर?

रोज दोन-चार पानं लिहिणार असाल, शाईची बाटली सांभाळायची तयारी असेल, तर पायलटचं काकुनो किंवा लॅमीचं सफारी ही दोन्ही पेनं सुरुवातीला शंभर टक्के बिनधोक. काकुनो जपानी शाळकरी मुलांसाठी काढलेलं आहे, निबवर हसरा चेहरा कोरलेला असतो आणि तो वर आला की पेन बरोबर धरलंय असं समजायचं. सफारी १९८० सालचं जर्मन डिझाइन आहे. त्याची निब ओढून काढता येते आणि दुसऱ्या मापाची बसवता येते, ही मोठी सोय. मात्र दोन्ही पेनांची पकड तिकोनी आहे. काहींची बोटं त्या खाचांत छान बसतात, काहींना पहिल्या मिनिटापासून टोचतं. हे वाचून कळणार नाही. दोन्ही टेबलावर असतात, धरून बघा.

स्वस्तात सुरुवात करायची तर देशी ड्रॉपर पेनं आहेतच. अंगात थेट शाई भरायची, एकदा भरलं की आठवडाभर बघायला नको. आट्यांना थोडं सिलिकॉन ग्रीस लावलं की गळत नाही. त्यांच्या बाबतीत एक तोटा मान्य करायला हवा: शाई पाव भागापर्यंत उतरली की हाताच्या उबेनं आतली हवा फुगते आणि निबवर टपोरा थेंब येतो. उपाय सोपा आहे, निम्मं रिकामं झालं की भरून टाका.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे एबोनाइटची, हातानं खरादीवर उतरवलेली पेनं. एबोनाइट म्हणजे गंधक घालून कडक केलेलं रबर. हाताला ऊबदार लागतं, घासलं तर किंचित गंधकाचा वास येतो, आणि सतत उन्हात ठेवलं तर काळ्याचं तपकिरी-हिरवट होतं. राजमहेंद्रीचं रत्नम हे यातलं सगळ्यात जुनं आणि मानाचं नाव, १९३२ पासूनचं, स्वदेशीच्या चळवळीतून उभं राहिलेलं. तमिळनाडूत तिरुवल्लूरचे रंगा आहेत. आणि हातानं पेनं घडवणारे फॉस्फर तर आपल्या पुण्यातलेच. या पेनांची दांडी, टोपण, रंग ठरवून करून घेता येतात. पण करून घ्यायच्या आधी जाडी-लांबीचा अंदाज हवा, आणि तो दुसऱ्यांची पेनं हाताळूनच येतो. पहिलंच पेन ऑर्डर देऊन करून घेऊ नका.

मराठी लिहायला कोणती निब चांगली?

यावर कट्ट्यावर हमखास वाद होतो, म्हणून थोडं सविस्तर.

निबच्या मापांचा विचार रोमन अक्षरं डोळ्यांसमोर ठेवून झालेला आहे. देवनागरीची अडचण वेगळी आहे. एकाच ओळीत वर वेलांटी, मात्रा, अनुस्वार, रफार आणि खाली उकार, ऋकार, पाय मोडलेली अक्षरं. शिवाय जोडाक्षरं. ‘राष्ट्र’, ‘ब्रह्म’, ‘उद्ध्वस्त’ हे तीन शब्द नेहमीच्या रेघांच्या वहीत ब्रॉड निबनं लिहून बघा. ‘ष्ट्र’चं पोट भरून जातं, ‘ह्म’चा गोळा होतो आणि ‘ध’ आहे की ‘घ’ हे संदर्भानं ओळखावं लागतं. म्हणून रोजच्या लिखाणाला फाइन किंवा फार तर मीडियम. यातही जपानी फाइन हे जर्मन फाइनपेक्षा चांगलंच बारीक असतं, जपानी मीडियम साधारण जर्मन फाइनच्या जवळ जातं. अक्षर लहान असेल तर जपानी, टपोरं असेल तर जर्मन, असा ढोबळ हिशोब धरा.

दुसरी गोष्ट शिरोरेघेची. ती डावीकडून उजवीकडे सलग ओढलेली लांब आडवी रेघ असते, आणि खरखरीत निबचं पितळ सगळ्यात आधी तिथेच उघडं पडतं. निब तपासताना आम्ही आठचे आकडे काढत नाही. पाच-सहा शब्द लिहून वर एका दमात शिरोरेघ ओढायला सांगतो. रेघ मध्येच फिकी झाली, तर शाईचा पुरवठा कमी पडतोय. टोक कागदात रुतलं, तर निबच्या दोन पात्यांची पातळी सारखी नाही.

सुलेखनाची हौस असेल तर आणखी एक मेख आहे. बाजारात मिळणाऱ्या स्टब आणि इटॅलिक, म्हणजे सपाट कापलेल्या टोकाच्या, निबा रोमन वळणाच्या असतात. देवनागरीच्या बोरूचा काप त्यांच्या उलट दिशेनं तिरका असतो, म्हणून जाड-बारीक रेषा वेगळ्या जागी येतात. साध्या इटॅलिक निबनं मराठी लिहिलं की अक्षर देखणं दिसतं, पण पोथीतल्यासारखं दिसत नाही, त्याचं कारण हे. उलट्या कापाची घासून घेतलेली निब कट्ट्यावर एक-दोघांकडे असते. मागून बघा, एकदा ‘अ’ लिहिलात की फरक कळेल.

मी डावखुरा आहे. माझं कसं होणार?

होतं, पण निवड जपून करावी लागते. ओल्या शाईवरून हात फिरतो ही अडचण जगभरातल्या डावखुऱ्यांची आहेच. आपल्याकडे शब्द लिहून झाल्यावर शिरोरेघेसाठी हात पुन्हा मागे येतो, म्हणजे फरफटायची संधी दोनदा. त्यातून उजव्या हाताचा माणूस शिरोरेघ ओढतो आणि डावखुरा ती ढकलतो, त्यामुळे टोकदार निब कागदात घुसते. टोकाला गोलसर असलेली फाइन निब, पटकन सुकणारी शाई, आणि वही थोडी तिरकी करून हात ओळीच्या खाली ठेवायची सवय. कट्ट्यावरचे डावखुरे शिरोरेघ प्रत्येक अक्षराबरोबरच उरकतात, शब्द संपायची वाट बघत नाहीत. तेही करून बघा.

शाई कोणती वापरू? घरात ड्रॉइंगची शाई पडून आहे, ती चालेल?

नाही! ड्रॉइंगची, पोस्टरची, ‘वॉटरप्रूफ इंडिया इंक’ असं लिहिलेली कुठलीही शाई शाईपेनात घालायची नाही. तिच्यात काजळी आणि लाखेसारखा चिकट पदार्थ असतो, तो फीडच्या केसासारख्या बारीक खाचांत सुकला की पेन बहुधा कामातून जातं. आपली जुनी काजळी-डिंकाची शाईसुद्धा बोरू आणि टाकासाठीच होती, तिची जागा दौतीत.

सुरुवातीला साधी कॅमलची निळी घ्या. दांडेकरांच्या कॅम्लिननं १९३१ मध्ये शाईपासूनच धंद्याला सुरुवात केली होती, आणि ही शाई आजही कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याकडे मिळते. ती गुणानं गरीब आहे: निबला त्रास देत नाही, पाण्यानं धुतली जाते, शर्टावर पडली तर लगेच गार पाण्याखाली धरल्यास बरीचशी निघते. गरम पाणी आणि इस्त्री मात्र टाळा, डाग पक्का होतो. ब्रिल आहे, आणि कोलकात्याची सुलेखा आहे. १९३४ साली स्वदेशी म्हणून सुरू झालेली ही शाई मध्यंतरी बंद पडली होती, आता पुन्हा मिळते, आणि तिच्या रंगांची नावं वाचायलाच मजा येते.

मग हळूहळू परदेशी शायांचा नाद लागतो. चकाकीच्या शायांत बारीक चमचमणारे कण असतात, त्या बारीक निबेत भरू नका. लोहयुक्त शाई लिहिताना फिकी असते आणि हवेनं काळवंडत जाते, कागदावर पक्की बसते, पण पेनात महिनोन्महिने सुकू दिली तर आतलं स्टील खाते. ती रोज लिहिणाऱ्यानंच वापरावी.

दोन शाया एकत्र करून स्वतःचा रंग बनवायचा मोह सगळ्यांनाच होतो. काही जोड्यांचा साका होऊन तळाला बसतो. आधी काचेच्या बाटलीत थोडंसं मिसळून दोन-तीन दिवस ठेवा, मगच पेनाचा विचार करा.

कट्ट्यावर छोट्या कुप्यांतून शायांची देवाणघेवाण चालते. रिकामी कुपी आणलीत तर न्याल तितके रंग, फक्त वर नाव लिहा. घरी गेल्यावर पाच निळ्या शायांत फरक ओळखता येत नाही.

पेन धुवायचं कसं आणि कधी?

रंग बदलताना, आणि एरवी महिन्या-दीड महिन्यातून. साधं नळाचं पाणी. फारच अडलं असेल तर वाटीभर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब. गरम पाणी आणि स्पिरिट नको.

वही कोणती? माझ्या वहीत शाई फुटते.

दोष बहुतेक वेळा कागदाचा असतो आणि शिव्या पेन खातं. कागदाला खळ कमी असेल तर शाई तंतूंतून पसरते, अक्षराला मुळं फुटतात आणि मागच्या पानावर उमटतं. जाड कागद म्हणजे चांगला कागद असंही नाही. जपानचा तोमोए रिव्हर ५२ जीएसएमचा, कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ, तरी त्यावर शाई फुटत नाही. पण ती शाई सुकायला इतका वेळ लावते की घाईच्या माणसानं त्याच्या वाटेला जाऊ नये.

पावसाळ्यात तीच वही वेगळी वागते. जुलैत कागद दमट होतो आणि मे महिन्यात सुरेख चालणाऱ्या पेनाची शाई फुटायला लागते. वह्या कपाटात बंद ठेवा आणि थोडी बारीक निब वापरा, दसऱ्यापर्यंत कळ काढा.

स्वस्त आणि मस्त उपाय अप्पा बळवंत चौकाच्या आसपास मिळतो. एक्झिक्युटिव्ह बाँड किंवा चांगला मॅपलिथो कागद घ्या, पानं कापून घ्या आणि बाइंडिंगवाल्याकडून शिवून घ्या. ‘शिवून’ हे दोनदा सांगा, नाहीतर डिंकानं चिकटवून मिळते आणि वही सपाट उघडत नाही. आम्ही अशा वह्या एकगठ्ठा करून घेतो, हव्या असतील तर नाव सांगून ठेवा. गठ्ठा सांगण्याआधी त्या कागदाचा एकच ताव आणून कट्ट्यावर सात-आठ पेनांनी लिहून बघतो. हा शिरस्ता मोडायचा नाही.

शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेचा कागद वापरू का, असंही विचारतात. १९४० पासूनची ती संस्था पुण्याचं भूषण आहे आणि तिथला कागद हातात घेतला की सोडवत नाही. पण सुती चिंध्यांच्या लगद्याचा कागद मुळात शाई पिणारा. ज्या प्रकाराला वरून खळ दिलेली असेल त्यावर शाईपेन चालतं, बाकीचा रंगांसाठी आणि पत्रिकांसाठी. तिथे जाताना पेन बरोबर न्या आणि एखाद्या तुकड्यावर लिहून बघू का, असं विचारा.

आजोबांचं पेन सापडलंय. चालू होईल का?

हा आमचा सगळ्यात आवडता प्रश्न.

पहिली गोष्ट, काहीही फिरवू, ओढू, उघडू नका. पन्नास वर्षांची सुकलेली शाई डिंकासारखं काम करते आणि जोर लावला की प्लॅस्टिक तडकतं. पेन आहे तसं घेऊन या. फारच राहवत नसेल तर निबकडचं टोक तेवढं साध्या गार पाण्यात रात्रभर उभं ठेवा आणि सकाळी पाण्याचा रंग बघा. निळं-काळं पाणी उतरलं म्हणजे आत जीव आहे.

मराठी घरांतून सर्वांत जास्त सापडतात ती पार्कर ५१ आणि तिच्यासारखी दिसणारी हीरो. दोन्हींची निब टोपीखाली झाकलेली, नुसतं टोक बाहेर. पार्कर ५१ बाजारात आली १९४१ मध्ये. १९४८ पासूनच्या पेनांत दांडी उघडली की धातूची नळी आणि दाबायची पट्टी दिसते. आतली पिशवी इतकी टिकाऊ आहे की नुसतं धुऊन पेन लिहायला लागण्याची चांगली शक्यता असते. त्याआधीची, मागच्या टोकाला खटका असलेली असतील तर आतला रबरी पडदा बहुधा गेलेला असतो, तो जाणकाराकडून बदलून घ्यावा लागतो. हीरो असेल तर किमतीचा विचार सोडा, पण ती धुऊन लिहायला लागते आणि घरातल्यांना तिचा आनंद पार्करइतकाच होतो.

पेनावर नाव कोरलेलं असेल तर ते घासून काढू नका. चकाकी आणायला पितळेचं पॉलिश लावू नका. सोन्याची निब म्हणून सराफाकडे नेऊ नका, तिच्यातलं सोनं अगदीच थोडं असतं आणि निब म्हणून ती कितीतरी मोलाची.

निब खरखरते. दुरुस्त करून मिळेल?

बघून सांगू. भिंगाखाली बघितलं की बहुतेक वेळा निबचं एक पातं किंचित वर चढलेलं दिसतं. पेन पडलेलं असतं किंवा कुणीतरी दाबून लिहिलेलं असतं. ते नखानं अलगद सरळ करता येतं, घासायची गरज पडत नाही. लोक मात्र आधी पॉलिश पेपर काढतात. टोकाचा कठीण धातूचा ठिपका घासून गेला की परत येत नाही, म्हणून आम्ही घासणं शेवटी ठेवतो आणि तेही तुमच्यादेखत, चार-चार वळसे घासून, दर वेळी तुम्हालाच लिहायला देऊन. सोन्याच्या निबा आणि भावनिक मोलाची पेनं आम्ही घासत नाही. पैसे घेत नाही, हमीही देत नाही.

जुन्या बाजारात पेनं मिळतात का?

मिळतात. बुधवारी आणि रविवारी बाजार भरतो, घड्याळं आणि चष्म्यांच्या ढिगात पेनं पडलेली असतात. खिशात भिंग असू द्या. तीन गोष्टी बघा: निबच्या टोकाला चमकदार ठिपका शाबूत आहे ना, टोपणाच्या ओठाला केसासारखी चीर नाही ना, आणि आटे बसतात ना. नाव कितीही मोठं असू दे, ठिपका नसेल तर ते शोभेचं पेन समजून भाव करा. माँ ब्लाँची पांढरी चांदणी असलेलं टोपण दिसलं की हुरळून जाऊ नका, ती चांदणी रस्त्यावर फार उगवते.

कट्ट्यावर खरेदी-विक्री चालते?

शेवटच्या अर्ध्या तासात, आणि फक्त वापरलेल्या स्वतःच्या पेनांची. चिठ्ठीवर किंमत आणि दोष दोन्ही लिहायचे. दुकानदार आणि कारागीर यांनी अवश्य यावं, पेनं दाखवावीत, पण ऑर्डरी बाहेर घ्याव्यात. आल्या आल्या बाजार सुरू झाला की लिहिणं मागे पडतं. म्हणून हा नियम.

स्पर्धा परीक्षेला शाईपेन वापरावं का?

सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमधून येणारे बरेच जण हे विचारतात. ओएमआर उत्तरपत्रिकेला बॉलपेनच. वर्णनात्मक पेपरला आधी त्या परीक्षेच्या सूचना वाचा. परवानगी असली तरी उत्तरपत्रिकेचा कागद कसा निघेल हे तुमच्या हातात नसतं, आणि पाण्याचा एक थेंब पडला तर साध्या शाईचं उत्तर वाहून जातं. सरावाला मात्र जरूर वापरा. तासन् तास लिहून बोटं दुखतात ती दाबामुळे, आणि शाईपेन ती दाबायची सवय मोडतं. दोन-तीन महिने असा सराव केला की परीक्षेत जेल पेन धरतानाही हात हलका राहतो.

मुलांना आणलं तर चालेल?

चालेल. त्यांच्यासाठी वेगळी पेनं आणि खाली अंथरायला वर्तमानपत्र असतं. आई-बाबांनी मात्र ‘अक्षर नीट काढ’ हे वाक्य अडीच तास घशात ठेवायचं.

मी मोडी शिकतेय. त्यासाठी काही वेगळं पेन लागतं का?

मोडी शिकणारे कट्ट्यावर नेहमी असतात. साहजिक आहे, ज्या शहरात पेशवे दफ्तर आणि भारत इतिहास संशोधक मंडळ आहे तिथे ते असायचेच. मोडीत आधी ओळभर शिरोरेघ आखायची आणि मग हात शक्यतो न उचलता अक्षरं तिला लटकवत जायचं. त्यामुळे सढळ शाई सोडणारी, कुठल्याही दिशेला न अडखळणारी गोल टोकाची मीडियम निब हवी. कोरड्या पेनाची रेघ वळणावर तुटते आणि मग वाचणारा ते वेगळंच अक्षर समजतो.

मुंबईहून येतो. दर वेळी घाट चढून आल्यावर पेन गळलेलं असतं.

कारण उंची. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आहे, म्हणजे मुंबईपेक्षा हवेचा दाब पाच-सहा टक्क्यांनी कमी. पेनात दोन मिलिलिटर हवा असेल तर ती इथे पोचेपर्यंत दहाव्या हिश्श्याहून थोडी जास्त मिलिलिटर फुगते आणि तेवढी शाई, म्हणजे दोनेक थेंब, टोपणात ढकलते. निब वर करून खिशात ठेवलंत तर शाईऐवजी हवाच बाहेर पडते. किंवा काठोकाठ भरून आणा, आत हवाच नसली की फुगणार काय? ड्रॉपर पेन अर्धं भरून, बॅगेत आडवं टाकून मात्र आणू नका. विमानालाही हेच लागू.

चिंचवडला, वाघोलीला असा कट्टा का नाही?

कारण तुम्ही अजून सुरू केलेला नाही. चार माणसं, एक उजेडाचं टेबल आणि हॉटेलमालकाशी आधी केलेलं बोलणं एवढ्यावर होतं. टेबलावर प्लॅस्टिक अंथरा, शाईची बाटली बशीत ठेवा आणि उठताना टेबल स्वतः पुसा, म्हणजे पुढच्या महिन्यात तीच जागा मिळते. पहिल्या खेपेला आमच्यातले एक-दोघं भिंग आणि धुण्याचं सामान घेऊन येतील. फक्त दुसरा रविवार सोडून दिवस ठरवा.